चुन्याने चुना काढायचा

१२ मे
उम्मेझीनच्या हम्मामचा, म्हणजे गावच्या न्हाणीघराचा, बंब आज सकाळी फुटला. तळाला चीर गेली, सगळं पाणी भट्टीत उतरलं, भट्टी विझली, आणि आतले पुरुष अंगाला साबण तसाच घेऊन पंचे गुंडाळून रस्त्यावर आले. त्यांत आमचे पोस्टमास्तरही होते. मी खिडकीतून पाहिलं. मुद्दाम पाहत नव्हते. पण डोळेही मिटून घेतले नाहीत.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. भट्टीवाल्याने बंबाच्या तळातून एक तुकडा खरवडून काढला होता, जवाच्या भाकरीपेक्षा जाड, पांढरा, थरावर थर चढलेला.

"कोणाची तरी दृष्ट लागली गं," उम्मेझीन म्हणाली.

"दृष्टीला एवढा थर असता तर सगळं गाव आंधळं झालं असतं. हा तुझ्या विहिरीच्या पाण्यातला चुना आहे. पाण्यात विरघळलेला असतो म्हणून दिसत नाही. तापवलं की तळाला बसतो आणि दगड होतो. खाली जाळ, वर दगड, मध्ये बिचारं तांबं. फुटणार नाही तर काय करेल?"

"दर दोन-तीन वर्षांनी फुटतोच. सासूबाईंच्या वेळीही फुटायचा."

हे ती अशा सुरात म्हणाली, जसं काही बंबाचं फुटणं म्हणजे ईदच. माझं डोकंच फिरलं.

त्यात तिजानी आला. तिच्या नवऱ्याचा पुतण्या. नवरा गेल्यापासून याला काकूची फार काळजी. "काकू, आता पुरे झालं. घरोघरी नळ आलेत. चाव्या दे, मी इथे फरशा बसवून झकास कॅफे काढतो." शेवटी ठरलं ते असं: बंबाला ठिगळ मारायचं आणि या उन्हाळ्याचा लग्नांचा हंगाम काढायचा. बंब पुन्हा फुटला, किंवा बायका आल्याच नाहीत, तर चाव्या तिजानीच्या. मी तोंड उघडायच्या आत उम्मेझीन "कबूल" म्हणून मोकळी झाली. लहानपणापासून अशीच आहे ती.

मला स्वतःला हम्मामशी काही देणंघेणं नाही. माझ्या घरी बाथटब आहे, राजधानीतून ट्रकमध्ये घालून आणलेला. निवृत्त होऊन गावी आल्यापासून त्यातच आंघोळ करते, दार लावून, एकटी, शाळेत सिस्टर क्लोटिल्डनी शिकवली तशी. पण सगळी नोकरी मी पाण्याच्या प्रयोगशाळेत केली आहे. माझ्या घरासमोर निव्वळ अडाणीपणाने बंब फुटावा, हे मी खपवून घेणार नाही.

१३ मे
सकाळी तिच्या विहिरीचं पाणी बाटलीत घेतलं, त्यात साबणाचा कीस टाकला आणि हलवलं. फेस नाही. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. मग चुन्याची निवळी घालून तासभर ठेवलं, वरचं पाणी ओतून घेतलं आणि पुन्हा हलवलं. फेस आला. भरघोस नाही, पण आला.

उम्मेझीनला समजावलं. "यात चुना कालवायचा."

"पाण्यात चुना जास्त आहे म्हणून रडतेस आणि वर चुनाच कालवतेस?"

"तुझ्या पाण्यातला चुना विरघळून राहतो तो एका वायूच्या आधाराने. ताजा विरवलेला चुना टाकला की तो त्या वायूला गिळतो. मग नवा आणि जुना, दोन्ही चुने निराधार होतात आणि पांढरा साका होऊन तळाला बसतात. वरून निवळ पाणी काढून घ्यायचं."

तिने बाटली उजेडात धरली. मग म्हणाली, "म्हणजे तिजानीला घालवायला दुसरा तिजानी आणायचा."

इतक्या वर्षांत मी कितीतरी इंजिनियरांना हे शिकवलं. इतकं लवकर कोणाला समजलं नव्हतं. अर्थात तिला तसं बोलले नाही.

१९ मे
हम्माममागे जुन्या तेलघाण्याचे दोन सिमेंटचे हौद पडून होते. ते घासून घेतले. पहिला भरला, चुना कालवला, भट्टीवाल्याने खजुराच्या फांदीने ढवळला. सकाळी हौदाच्या तळाला पांढरी गादी आणि वर काचेसारखं पाणी. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी बाटली हलवली.

फेस बेताचाच. अर्धंच काम झालं होतं.

"अजून मुरायचं आहे," असं सांगून मी घरी आले. खोटं बोलले. का होत नाही ते मलाच कळेना. दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होते. तिचा गिलावा पडतोय, हंगामानंतर दुरुस्त करायला हवा, असं मनात आलं आणि उठून उभी राहिले. गिलावा कशाचा? जिप्समचा. आमचे डोंगर जिप्समचे, भिंती जिप्समच्या, मग पाण्यात दुसरं काय उतरणार? तो चुन्याला दाद देत नाही. त्याला धुण्याचा सोडा लागतो.

प्रयोगशाळेतली नवशिकी पोरगी असती तर हे विसरल्याबद्दल मी तिला दाराबाहेर उभी केली असती.

२४ मे
चुना आणि सोडा. बाटलीतून फेस उतू गेला. उम्मेझीनने आनंदाने जीभ हलवत अशी किलकारी दिली, की शेजारचे लोक कोणाचं लग्न जमलं म्हणून विचारायला आले.

एक युक्तीही शिकवली. हौद धुताना सगळा साका टाकायचा नाही, थोडा तळाशी ठेवायचा. विरजणासारखा. नवा साका त्याला धरून लवकर बसतो.

प्लंबर म्हणाला, "मादाम, नळी फक्त बंबालाच जोडू ना? गार पाण्याच्या टाकीला विहिरीचंच असू दे."

"अजिबात नाही. दोन्हींना चांगलं पाणी. अर्धं काम मला जमत नाही."

५ जून
ठिगळ मारलेला बंब पेटला. सकाळी पुरुष आले, कोणी काही बोललं नाही. पुरुषांना पाणी ओलं असलं की पुरतं. दुपारी बायकांची पाळी. मी दारातल्या बाकावर उम्मेझीनशेजारी बसले, केवळ देखरेखीसाठी. आतून आरडाओरडा ऐकू आला: "अगं, एवढासा साबण आणि एवढा फेस!" उम्मेझीनने माझ्या हातात भाजलेल्या बदामांची वाटी दिली. बदाम चांगले होते. उद्याही जाईन. देखरेख हवीच.

११ जून
ताऊस रुसली आहे. ताऊस म्हणजे हम्माममधली अंग घासणारी. हात असे, की बैलाला घासलं तर वासरू बाहेर येईल. आज तिने अंग घासायचा खरखरीत हातमोजा बाकावर आपटला.

"मादाम, तुमचं पाणी माझं पोट मारतंय."

"काय झालं?"

"मोजा घसरतो! साबण लावला, धुतला, मोजा फिरवला, की सुर्रकन पुढे. मळाच्या शेवयाच निघत नाहीत. बाई माझ्याकडे बघते, मी बाईकडे. काल पोस्टमास्तरांची बायको म्हणाली, ताऊस, तू आता म्हातारी झालीस."

इथे बाई स्वच्छ झाली की नाही हे तिच्या दंडावरून निघालेल्या काळ्या शेवयांवरून ठरतं. त्या जितक्या जाड तितकी ताऊस मोठी. नंतर बायका एकमेकींना त्या दाखवतात. सिस्टर क्लोटिल्ड हे पाहून मूर्च्छितच पडल्या असत्या.

"मळ नसेल तर निघणार कुठून?" मी विचारलं.

"मळ नसलेली बाई अजून जन्मायची आहे," ताऊस म्हणाली आणि आत गेली.

१४ जून
आज सहाच बायका. भर हंगामात!

कारण दुपारी कळलं. अंगावरचा साबण जात नाही म्हणतात. कितीही पाणी ओता, कातडी गुळगुळीतच. म्हणजे अंगावर साबणाचं आवरण राहतं. म्हणजे पाणी कातडीला पोचत नाही. म्हणजे गुस्ल होत नाही, आंघोळीने शुद्धी होत नाही, आणि वर नमाजही फुकट. एकीने तर दारात उभं राहून, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नन्सच्या शाळेत शिकलेली ती. तिला काय कळणार गुस्ल! तिकडे पोरींना झगा घालून आंघोळ करायला लावत."

खरंच लावत. पण त्याचा इथे काय संबंध? मला कुराण माझ्या वडिलांनी शिकवलं, आणि हिच्यापेक्षा जास्त सुरा मला पाठ आहेत. हे मी तिला सांगितलं. आणखीही बरंच काही सांगितलं. त्यानंतर त्या सहांपैकी दोघी आंघोळ न करताच परत गेल्या.

उम्मेझीनने त्या दोघींचे पैसे मोजून परत दिले. हे मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

१६ जून
मी थेट इमामांकडे गेले. भला माणूस. मुद्द्याचं विचारलं: "रंग बदलला? वास? चव?"

"तिन्ही नाही."

"घातलं काय?"

"चुना आणि सोडा. दोन्ही मातीतून आलेले, आणि चुना तर पुन्हा खाली बसतो."

त्यांनी बाटलीतलं पाणी हातावर घेतलं, चोळलं, सांडू दिलं. "पाणी शुद्ध आहे. गुस्ल होतो. शुक्रवारी तसं सांगतो."

मी जिंकल्यासारखी परत आले.

२० जून, शुक्रवार
इमामांनी सांगितलं. पुरुषांनी घरी जाऊन सांगितलं. दुपारी तिघी आल्या. चौथी दारातूनच उम्मेझीनला म्हणाली, "इमाम मोठे आहेत, त्यांचं डोक्यावर. पण माझ्या कातडीत मी राहते, इमाम नाही राहत."

तिजानीही येऊन गेला. म्हणे फरशांचे नमुने पाहून ठेवलेत. आणि त्याच्या मुलीच्या, रौधाच्या लग्नाआधीचा बायकांचा स्नानसोहळा गफ्सा शहरातल्या हम्माममध्ये ठरवला. स्वतःच्या काकूचं हम्माम सोडून! "काकू, मनाला लावून घेऊ नको, वरपक्षाच्या बायका चोखंदळ आहेत." उम्मेझीन हसून म्हणाली, "नाही रे, कशाला." आणि तो गेल्यावर बदामांची रिकामी वाटी कितीतरी वेळ पुसत बसली.

२२ जून
घरी दोन बादल्या घेऊन बसले. एकीत जुनं पाणी, एकीत माझं. उजवा हात यात, डावा त्यात. एकच साबण.

आता मला सगळं समजलं आहे, आणि ते इतकं सोपं आहे की संताप येतो. साबण आणि चुना एकत्र आले की चिकट साय होते. विहिरीच्या पाण्यात धुतलं की ती साय कातडीवर बसते. बोट फिरवलं की करकर वाजते. या करकरीलाच गावातल्या बायका स्वच्छता म्हणतात! माझ्या पाण्यात साबण पूर्ण निघून जातो, खाली उरते ती खरी कातडी, आणि ती मुळातच मऊ असते. जन्मात स्वतःची कातडी हाताला लागलेली नाही, म्हणून तिला साबण समजतात.

म्हणजे आवरण होतं ते जुन्या पाण्यात! माझ्या नाही. तशीच उठून उम्मेझीनकडे गेले. उद्या दुपारी दारात उभी राहून सगळ्यांना ऐकवणार, असं तिला सांगितलं. एकीलाही तोंड उघडायला जागा उरणार नाही.

ती चण्यांची साल काढत होती. (माझ्या पाण्यात चणे लोण्यासारखे शिजतात, हे मात्र सगळं गाव मान्य करतं.) तिने हात थांबवले.

"म्हणजे तू त्यांना सांगणार, की तुमच्या आजवरच्या सगळ्या आंघोळी फुकट गेल्या?"

"मी गुस्लाबद्दल बोलत नाही, मी साबणाबद्दल—"

"त्या गुस्लाबद्दलच ऐकतील. त्यांच्या आयांच्या आंघोळीही फुकट? ज्या मेल्या त्यांच्याही? माझ्या आईला शेवटची आंघोळ मी घातली, दलिंदा, याच विहिरीच्या पाण्याने. तुझ्या आईलाही मीच घातली. तू राजधानीहून पोचेपर्यंत दुपार झाली असती, आणि उन्हाळा होता."

"पण हे खरं आहे."

"असेल. मग?"

मी चणे सोलले. बादल्यांच्या प्रयोगाचं पुढे काही बोलले नाही.

२३ जून
दुपारी बाकावर बसले. चार बायका आल्या. त्यांतली एक तीच, झग्यावाली. जाताना दंडावर बोट फिरवून मला दाखवलं, "बघा, अजून साबण." माझ्या ओठांवर संपूर्ण व्याख्यान तयार होतं, उदाहरणांसह.

"पाहू या काय करता येतं," मी म्हटलं.

ती इतकी गोंधळली की चपला उलट्या घालून गेली.

२४ जून
प्लंबरला बोलावलं. बंबाची नळी माझ्या पाण्याला, तशीच. गार पाण्याच्या टाकीला पुन्हा विहिरीचं पाणी.

"मी तेव्हाच म्हटलं होतं ना मादाम—"

"तुम्ही नळीबद्दल म्हणाला होतात. तुमची नळी गळते."

चुना बसतो तो तापवलेल्या पाण्यात. बंबाला मऊ पाणी मिळालं की काम झालं. बाकी प्रत्येक बाई बादलीत आपापल्या हाताने गरम-गार मिसळते आणि शेवटी एक बादली नुसती गार ओतते. घ्या तुमची करकर! शिवाय माझ्या पाण्यात चुन्याचा जो किंचित क्षारपणा उरतो तो विहिरीचं पाणी मिसळलं की मरतो. हे मी पहिल्यापासूनच योजलं होतं, असं उम्मेझीनला सांगितलं. ती म्हणाली, "हो तर."

२ जुलै
ताऊस दारात आली, हाताच्या तळव्यावर कोणाच्या तरी शेवया घेऊन. एखादा दागिना दाखवावा तशा. "पोस्टमास्तरांच्या बायकोच्या," ती म्हणाली. "आता बोल म्हणावं म्हातारी."

बायका परत येताहेत. साबण जातो म्हणतात. विहीर तीच, चुना तोच, हौद तेच. पण कोणी विचारलं तर बायका म्हणतात, मादामने पाणी सुधारलं. मी कोणालाच काही समजावत नाही. माझी तब्येत बरी आहे ना म्हणून दोघींनी विचारलं.

९ जुलै
मुलींनी एक नवंच काढलं आहे. इथे धुतलेले केस रेशमासारखे होतात म्हणे. खरं आहे, सायीचं प्रमाण निम्म्यावर आलंय. गफ्साहूनही दोघी बसने आल्या होत्या. इमाम ज्यांना पटवू शकले नाहीत त्यांना केसांनी पटवलं.

१७ जुलै
आज तिजानीची व्हॅन दारात उभी. आत रौधा, तिची आई, वरपक्षाच्या चोखंदळ बायका, मेणबत्त्या, मेंदी, सुकलेल्या गुलाबपाकळ्या मिसळलेली केस धुण्याची माती, आणि डफ वाजवणारी एक म्हातारी. रौधाने बापाला सांगून टाकलं होतं: गफ्साला जाईन तर केस न धुता जाईन.

तिजानी खाली उतरला नाही. काचेतूनच म्हणाला, "काकू, पोरगी हट्टी आहे."

"आपल्या घराण्याचीच ना," उम्मेझीन म्हणाली.

आतून संध्याकाळपर्यंत गाणी येत होती. वरपक्षाची एक बाई बाहेर येऊन मला म्हणाली, "पाणीवाल्या मादाम तुम्हीच का?" आयुष्यात मला बऱ्याच पदव्या मिळाल्या. ही बरी वाटली.

३ ऑगस्ट
हंगाम आटोपत आला. आज बंब थंड करून उघडला. उम्मेझीन, मी, भट्टीवाला, आणि तिजानी. त्याला मीच बोलावलं होतं.

भट्टीवाल्याने दिवा आत धरला. तळाला तांबं दिसत होतं. तांबडं, ठिगळासकट. वर पिठासारखा पातळ थर. मी तिजानीला म्हटलं, "हात घाल." त्याने बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं आणि मागे तांब्याची रेघ चमकली. त्याने ते बोट पँटला पुसलं, बंबाकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं.

"फरशांचं काय केलंस?" उम्मेझीनने विचारलं.

"परत करीन."

"परत कशाला? बायकांच्या खोलीतल्या उखडल्यात. लाव."

तो हसला. बसवतो म्हणाला. चाव्यांचा विषय त्याने काढला नाही आणि आम्हीही नाही.

५ ऑगस्ट
मी बाकावर बसले होते. ताऊस दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मादाम, सगळ्या गावाला आंघोळ घातलीत. स्वतः कधी येणार?"

"मी घरी करते. रोज."

"मग भीती कसली?"

असा प्रश्न मला प्रयोगशाळेत कोणी विचारण्याची हिंमत केली नव्हती. उठले. शेवटी स्वतःचं पाणी स्वतः न तपासणं हाही हलगर्जीपणाच. उम्मेझीन भट्टीवाल्याच्या बायकोला दारावर बसवून माझ्यामागे आली; तिला कोणी बोलावलं नव्हतं.

वाफ, काळोख, ओल्या दगडाची ऊब. मी झगा काढला नाही. ताऊसने भिंतीवरच्या खुंटीकडे बोट दाखवलं. मग मी तो काढला.

तिने घासायला सुरुवात केली. थोड्या वेळाने माझा दंड खिडकीच्या उजेडात धरला. शेवया. काळ्या, जाड, भरपूर.

"रोज करता म्हणालात ना?" ताऊस.

"हा पाण्याचा परिणाम आहे," मी म्हटलं.

"हो तर. पाण्याचाच." पलीकडे बसलेली उम्मेझीन इतकी हसली की तिचा पंचा सुटला. झग्यावाली बाई पुढे वाकून पाहून गेली आणि इतर सगळ्यांना बोलावून आणलं. माझ्या शेवया सर्वांनी पाहिल्या. त्या हंगामातल्या सर्वांत जाड होत्या, असं एकमत झालं.

शेवटची बादली उम्मेझीनने माझ्या डोक्यावर ओतली. थंड, विहिरीचं पाणी. तिने ओतताना हात माझ्या कपाळावर आडवा धरला, डोळ्यांत जाऊ नये म्हणून, लहान मुलांना धरतात तसा. मी दंडावर बोट फिरवलं. करकर वाजली. ती का वाजते हे मला पूर्ण ठाऊक आहे. तरी स्वच्छ वाटलं.

मंगळवारी पुन्हा जाणार आहे. शास्त्रात एकच नोंद पुरत नाही.